हौशी गटाने लाइव्ह व्हिडिओ कसा वाजवावा आणि लोकांसमोर कसा आणावा

प्रश्न विचारणारा गट कोल्हापूरचा आहे. दोन चित्रकार, एक संगणक अभियंता, एक तबलावादक आणि सिंथेसायझर वाजवणारे दोघे अशी ही मंडळी असून सर्वांनी मिळून सुमारे ३० हजार रुपये खर्च करण्याची त्यांची तयारी आहे. आधी तयार करून ठेवलेली चित्रफीत लावायची नाही, तर संगीत चालू असताना त्याच क्षणी, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत चित्र घडवायचे आहे. त्यासाठी चांगला लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर घ्यावे की जुनी ॲनालॉग उपकरणे शोधावीत, आणि शहरात या प्रकाराला अजून ठरलेला मंचही नाही आणि प्रेक्षकही नाही, तेव्हा सादरीकरण कुठे करावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत असे की खरेदीचा निर्णय दोन-तीन महिने लांबवावा आणि तोपर्यंत एक कॅमेरा व एक टीव्ही एवढ्यावरच हात बसवावा. लाइव्ह व्हिडिओ ही मुळात वाजवण्याची गोष्ट आहे. तिला रियाज लागतो, साथीला माणसे लागतात, आणि कोणते वाद्य आपल्या हाताला मानवते हे वाजवल्याशिवाय कळत नाही. तीस हजारांचा संच आधी जमवून मग काय करायचे याचा विचार करणारे गट मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा बहुतेक वेळ केबली आणि ॲडॅप्टर शोधण्यात जातो.

सुरुवात फीडबॅकने करावी. व्हिडिओ बाहेर काढण्याची सोय असलेला कोणताही जुना हॅंडिकॅम घ्या, त्याची पिवळी पिन टीव्हीच्या मागे लावा, खोली अंधारी करा आणि कॅमेऱ्याचे तोंड त्याच टीव्हीकडे वळवा. आता पडद्यावरचे चित्र कॅमेऱ्यात आणि कॅमेऱ्यातले चित्र पडद्यावर, असा फेरा सेकंदाला २५ वेळा पडू लागतो. बऱ्याचदा सुरुवातीला पडदा नुसता काळा राहतो, कारण फिरवायला प्रकाशच नसतो; अशा वेळी भिंग आणि पडदा यांच्यामध्ये अगरबत्तीचे पेटते टोक क्षणभर धरले तरी तो ठिपका फेऱ्यात शिरतो आणि त्यातून आकार वाढू लागतात. यापुढचे सगळे वादन तीन-चार गोष्टींवर चालते. झूम इतका ठेवला की कॅमेऱ्यात पडदा पूर्ण मावून कडेला जागा उरते, तर चित्र आत आत जाणाऱ्या भुयारासारखे दिसते. झूम त्याहून वाढवला की तेच चित्र मधून बाहेर फुटत जाते. या दोहोंच्या सीमेवर, बोटभरही नाही एवढ्या अंतरात, आकार स्वतःहून श्वास घेतल्यासारखे हलत राहतात, आणि ती सीमा हाताला सापडणे हाच पहिला धडा आहे. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याचा कल. कॅमेरा भिंगाच्या अक्षाभोवती ९० अंशांत फिरवला तर चार बाजूंची आकृती येते, ७२ अंशांत फिरवला तर पाच पाकळ्यांची. आणि त्या कोनापासून किंचित ढळला की पाकळ्या हळूहळू फिरू लागतात. तिसरी गोष्ट टीव्हीचा ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट. प्रत्येक फेऱ्यात उजेड थोडा वाढत असेल तर काही क्षणांत सारा पडदा पांढराफटक होतो, थोडा घटत असेल तर चित्र विझते. मधली जागा राखणे हे कानाने सूर धरण्याइतकेच नाजूक काम आहे.

या सगळ्याचा शत्रू म्हणजे कॅमेऱ्याची स्वयंचलित यंत्रणा. पडदा उजळला की कॅमेरा आपणहून एक्सपोजर खाली ओढतो, काळोख झाला की वर चढवतो, आणि वाजवणाऱ्याच्या हातातून वाद्य काढून घेतो. म्हणून एक्सपोजर (आत येणारा उजेड), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि फोकस तिन्ही हाताने ठरवता येतील असाच कॅमेरा निवडावा. तो महाग किंवा नवा असण्याची काहीही गरज नाही. पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळाला तर उत्तम, कारण तो येणारा संकेत त्याच क्षणी दाखवतो. एलसीडी टीव्ही चित्रावर आधी आत प्रक्रिया करतो आणि मग काही फ्रेम उशिरा दाखवतो, त्यामुळे आकारांची हालचाल संथ आणि ठोके पडल्यासारखी होते. काही संगीताला हीच चाल शोभते, पण ते वाद्य वेगळे आहे हे धरून चालावे. हा खेळ वाटतो तितका पोरकट नाही. जेम्स क्रचफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये व्हिडिओ फीडबॅकवर एक सविस्तर शोधनिबंध लिहिला, तो एवढ्याच मांडणीतून निर्माण होणाऱ्या गुंतागुंतीच्या रचनांचा अभ्यास करण्यासाठी.

हात बसल्यावर व्हिडिओ मिक्सरकडे, म्हणजे दोन चित्रे एकत्र करणाऱ्या यंत्राकडे, वळावे, आणि इथे महाराष्ट्रातील गटांना एक मोठी सोय आहे. संगणकावर एडिटिंग येण्याआधी लग्नाच्या कॅसेटी ज्या मिक्सरवर तयार होत, बदामाच्या चौकटीत वधूवरांचे फोटो ज्यावरून आणले जात, ते मिक्सर अनेक शूटिंगवाल्यांच्या माळ्यावर आजही धूळ खात पडलेले आहेत. पॅनासॉनिकचा डब्ल्यूजे-एमएक्स५० हा त्यातला नावाजलेला. या यंत्रांची खरी किंमत त्यांच्या नक्षीदार वाइपमध्ये, म्हणजे एका चित्रावर दुसरे सरकवत आणण्याच्या आकारांत, नसून आत असलेल्या, दोन चित्रांचा ठोका जुळवणाऱ्या फ्रेम सिंक्रोनायझरमध्ये आहे. आपल्याकडच्या ‘पाल’ (PAL) या दूरचित्रवाणी पद्धतीत चित्र ६२५ ओळींचे असते आणि सेकंदाला २५ वेळा रेखले जाते. ओळ कधी सुरू झाली, चित्र कधी सुरू झाले, हे सांगणारे सिंक ठोके संकेतातच असतात. दोन कॅमेरे एकाच वेळी सुरू केले तरी त्यांचे ठोके एकमेकांशी जुळत नाहीत, आणि साध्या स्विचने एकावरून दुसऱ्यावर गेलात तर चित्र क्षणभर घसरते किंवा गिरक्या घेते. मिक्सर दोन्ही चित्रे आपल्या स्मृतीत घेऊन एकाच ठोक्यावर बाहेर सोडतो, म्हणून ती एकमेकांत विरघळवता येतात.

असा मिक्सर घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा, स्वतःच्या केबली आणि छोटा टीव्ही बरोबर न्या. दोन्ही इनपुट तपासा, फेडर, म्हणजे चित्रे मिसळणारी दांडी, सावकाश वरखाली करून मधेच चित्र तुटते का ते पाहा, आणि मागच्या पट्टीवर पाल लिहिले आहे याची खात्री करा. परदेशातून आलेला, एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीचा मिक्सर ५२५ ओळींचा असतो. तो आपल्या कॅमेऱ्यांशी जुळवून घेणार नाही. यंत्र हाती आल्यावर त्याचे आउटपुट त्याच्याच एका इनपुटला जोडून पाहा. कॅमेरा नसतानाही त्यातून रंगांचे पट्टे आणि धावत्या कडा निघू लागतात, आणि लग्नातल्या त्या वाइपचा उपयोग अचानक निराळाच होतो.

ज्यांना सोल्डरिंग येते त्यांनी एक ‘डर्टी मिक्सर’ जरूर करावा. दोन आरसीए सॉकेटमधून (पिवळी पिन बसते ती खोबण) येणारे संकेत एका किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे फिरवून रोध बदलणाऱ्या बटणाच्या, दोन टोकांना द्यायचे आणि मधल्या पायातून आउटपुट घ्यायचे, ग्राउंड सगळ्यांचे एकत्र. एवढेच मंडल (सर्किट) आहे, त्याला वीजही लागत नाही. नेदरलँड्सचे कार्ल क्लॉम्प यांच्यामुळे हा प्रकार बराच पसरला. येथे सिंक जुळवण्याचा प्रयत्नच नसतो. दोन संकेतांचे ठोके भांडतात आणि त्या भांडणातून चित्र फाटते, झुकते, एकावर एक सांडते. अडचण अशी की असा मोडका संकेत पिक्चर ट्यूबचा टीव्ही निमूटपणे दाखवतो, पण प्रोजेक्टर किंवा एचडीएमआय कन्व्हर्टर त्याला नाकारून निळा पडदा टाकतो, आणि तोही नेमका रंगात आलेल्या क्षणी. यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे पुनर्चित्रण. फाटके चित्र पिक्चर ट्यूबवर दाखवा, त्या टीव्हीसमोर दुसरा कॅमेरा ठेवा आणि त्या कॅमेऱ्याचा स्वच्छ संकेत प्रोजेक्टरला द्या. कॅमेऱ्याचा शटर १/५० सेकंदावर आणि चित्रवेग २५ किंवा ५० वर ठेवला की पडद्यावरून सरकणारा काळा पट्टा नाहीसा होतो. मोबाइल बहुधा ३० फ्रेमवर चित्रित करतात, म्हणून त्यांच्यात तो पट्टा हटकून येतो. काचेची चमक आणि ट्यूबचे ठिपके यांमुळे या चित्राला जो पोत येतो, तो मला तरी कोणत्याही सॉफ्टवेअर फिल्टरपेक्षा अधिक आवडतो.

संगणकाबद्दल थोडक्यात. तुमच्यातील अभियंत्याने ‘हायड्रा’पासून सुरुवात करावी. ओलिव्हिया जॅक यांनी बनवलेले हे मुक्त साधन ब्राउझरमध्येच चालते आणि त्याची रचनाच मुळी ॲनालॉग सिंथेसायझरसारखी, एकाचे आउटपुट दुसऱ्याला जोडत जाण्याची आहे; त्यामुळे कॅमेऱ्यावर शिकलेला फीडबॅक येथे ओळीओळीने लिहिता येतो. टचडिझायनर या लाइव्ह चित्रे घडवण्याच्या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती १२८० गुणिले १२८० पिक्सेलपर्यंतच चित्र देते, पण आपल्या कामाला ते पुरून उरते. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर चित्रफिती साठवून त्या मिक्सरला देता येतात. मात्र त्याच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधील जोडणी हॅंडिकॅमच्या केबलशी जुळतेच असे नाही, म्हणून पिवळ्या पिनेवर चित्र आले नाही तर लाल पिन लावून पाहावी आणि सेटिंगमध्ये पाल निवडावे. लॅपटॉप आणि जुनी यंत्रे यांत निवड करण्याची गरज नाही, पण पहिल्या वर्षी पैसा लॅपटॉपवर घालू नये. घरात असेल तो वापरावा.

आता गटाविषयी, कारण माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. या कलेत ‘आपले आपण बनवा आणि दुसऱ्याला बनवू द्या’ ही पद्धत रुजली त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण शिकागोचे आहे. भौतिकशास्त्र शिकून कलेकडे आलेले डॅन सँडिन यांनी १९७१ ते १९७३ या काळात तेथील इलिनॉय विद्यापीठात ‘इमेज प्रोसेसर’ नावाचे मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग हवे तसे जोडून वापरायचे, यंत्र बनवले. मूग हा मॉड्युलर सिंथेसायझर आवाजाशी जे करतो ते व्हिडिओ संकेताशी करायचे, ही त्यामागची कल्पना. यंत्र विकायला काढण्याऐवजी सँडिन यांनी त्याचे आराखडे खुले केले. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत व्हिडिओचे शिक्षण सुरू करणारे फिल मॉर्टन यांनी त्यांच्या मदतीने पहिली प्रत बांधली, आणि बांधता बांधता मंडलांची रेखाटने, सुट्या भागांची यादी आणि जोडणीच्या सूचना असा दस्तऐवज दोघांनी तयार केला. त्याला त्यांनी ‘डिस्ट्रिब्यूशन रिलिजन’ असे नाव दिले. जो मागेल त्याला तो मिळे. यंत्र मात्र ज्याचे त्याने बांधायचे. यातून पुढे या यंत्राच्या अनेक प्रती निरनिराळ्या ठिकाणी उभ्या राहिल्या. १९७५ मध्ये झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन इव्हेंट’ या कार्यक्रमात सँडिन, मॉर्टन, संगणकचित्रांची भाषा लिहिणारे टॉम डीफँटी आणि ध्वनीची बाजू पाहणारे बॉब स्नायडर यांनी चित्र आणि आवाज प्रेक्षकांसमोर एकत्र वाजवले.

मुंबईतही त्याच सुमारास, १९६९ ते १९७२ या काळात, चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू पाठ्यवृत्तीच्या पैशांतून ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’ चालवले होते. सामायिक कॅमेरा आणि सामायिक जागा यांमुळे नलिनी मलानी यांच्यासारख्या तरुण चित्रकर्तीला तेथे चित्रपटाचे प्रयोग करता आले. ते काम लाइव्ह नव्हते, पण एकाचे साधन अनेकांच्या हाती गेल्याने काय घडते ते त्यात दिसते. आणि कोल्हापूरकरांना तर हे सांगायलाच नको, कारण बाबूराव पेंटरांनी चित्रपट काढण्याआधी कॅमेराच घरी घडवला होता. त्याही आधी, १८९० च्या दशकात, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी मुलांच्या मदतीने काचेवर हाताने चित्रे रंगवून, एकाहून अधिक प्रक्षेपक दिव्यांनी (मॅजिक लँटर्न) ती पडद्यावर हलती करून, निवेदन आणि संगीतासह ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ लावले. आपल्याकडे हा प्रकार अगदी उपरा आहे असे कोणी म्हणाले तर या पटवर्धनांचे नाव घ्यावे.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की आठवड्यातून एक ठरावीक संध्याकाळ राखावी, जागा तीच ठेवावी, आणि प्रत्येक बैठकीत यंत्रापाशी बसणारा बदलावा. चित्रकारांनी फक्त चित्र आणि अभियंत्याने फक्त जोडणी अशी वाटणी पहिल्या महिन्यात सोयीची वाटते, पण नंतर अभियंता गावाला गेला की सगळा गट बसतो. प्रत्येक जोडणीची आकृती वहीत काढावी: कोणता कॅमेरा, कोणते इनपुट, झूम किती, कल किती, टीव्हीचा कॉन्ट्रास्ट किती. वही गटाची असावी, कोणा एकाची नसावी. यंत्र कोणी आणले, पैसे कोणी घातले, आणि तो गट सोडून गेला तर यंत्र कोणाकडे राहील, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. अशा गोष्टी मैत्रीत बोलायला अवघड जातात आणि न बोलल्याने गट मोडतात. डर्टी मिक्सरला खोके हवे असेल तर शिवाजी उद्यमनगरात पत्र्याचे करून मिळेल. प्लास्टिकच्या डब्यापेक्षा पत्रा बरा, कारण तो विजेचा बाहेरचा खरखराट आत येऊ देत नाही.

संगीताबरोबर काम करताना तबलावादक गटात आहे हे तुमचे मोठे भाग्य आहे. नवशिक्या गटांची ओढ नेहमी एकाच गोष्टीकडे असते: आवाज मायक्रोफोनने घेऊन त्यावर चित्र आपोआप हलवायचे. प्रत्येक ठोक्याला चित्र दचकते, प्रेक्षकाला पहिल्या दोन मिनिटांत ती युक्ती कळते, आणि मग त्याचे डोळे मोबाइलकडे वळतात. त्यापेक्षा तबल्याच्या साथीने असा रियाज करा: विलंबित तीनतालाचे एक पूर्ण आवर्तन, म्हणजे सोळाही मात्रा, चित्राची एकच स्थिती सांभाळायची, काहीही बदलायचे नाही, आणि समेवर एकच गोष्ट बदलायची, केवळ झूम किंवा केवळ रंग. पुढे समेच्या ऐवजी ‘खाली’च्या मात्रेवर बदलून पाहा. काही दिवसांत चित्र वाजवणाऱ्याला थांबता येऊ लागते, आणि संगीतकारही चित्राकडे पाहून आपली लय आवरू लागतो. पडदा मधूनमधून पूर्ण काळा ठेवण्याचे धाडस करावे. तानपुरा एकटा वाजत असताना काळा पडदा मुळीच रिकामा वाटत नाही.

सादरीकरणासाठी मोठे सभागृह शोधू नका. पन्नास-साठ माणसे मावतील असा शाळेचा वर्ग, कोणाच्या वाड्याचा चौक, ग्रंथालयाची वरची खोली, चित्रकाराचा स्टुडिओ पुरेसा आहे. यंत्रे आणि माणसे प्रेक्षकांच्या मागे न लपवता पडद्याच्या बाजूला ठेवावीत, म्हणजे हात आणि चित्र दोन्ही एकाच वेळी दिसतात; अनोळखी प्रेक्षकाला हा प्रकार समजावून देण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. चित्र वाजवणारा आणि संगीतकार अशा एका जोडीला १५ ते २० मिनिटे द्या. हल्ली प्रत्येक समारंभात एलईडी वॉल असते आणि ती फुकट वापरायला मिळण्याचा योगही येतो, पण ती डोळे दिपवते, छोट्या खोलीत प्रेक्षकांच्या अंगावर येते, आणि आपल्या ७२० गुणिले ५७६ च्या चित्राला तिचा प्रोसेसर भलतेच ताणतो. प्रोजेक्टर आणि चुना लावलेली सपाट भिंत बरी.

विजेकडे दुर्लक्ष करू नका. चित्रावर खालून वर सरकणारी आडवी करडी पट्टी दिसली आणि स्पीकरमधून गुणगुण येऊ लागली, तर ती बहुधा ग्राउंड लूपची खूण असते: प्रोजेक्टर एका खोलीच्या सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या खोलीच्या सॉकेटवर, आणि मधे लांब केबल. चित्र व आवाज यांची सर्व यंत्रे एकाच चांगल्या बोर्डावरून घ्यावीत. पट्टी घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी देईल. तो मानू नये. टीव्हीचे मागचे झाकण कधीही उघडू नये, कारण रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. यंत्रांच्या आत वायरी जोडून प्रयोग करायचे असतील तर ते बॅटरीवर किंवा कमी व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या खेळण्यांवर आणि जुन्या छोट्या यंत्रांवरच करावेत.

प्रेक्षकांच्या बाबतीत एक नियम कडकपणे पाळावा. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा पूर्ण पडदा लखलखेल असे काहीही दाखवू नये, आणि विशेषतः लाल रंगात तर मुळीच नाही. प्रकाशाच्या लखलखाटाने काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. फीडबॅक आणि डर्टी मिक्सर दोन्ही असा लखलखाट सहज निर्माण करतात, म्हणून मिक्सरवरचे काळ्यावर नेणारे बटण कोणाच्या हाताखाली आहे हे आधीच ठरवा, आणि दारावर मराठीत ठळक सूचना लावा.

प्रयोग चित्रित करायचा असेल तर मिक्सरच्या दुसऱ्या आउटपुटवरून संकेत नोंदवावा, शिवाय खोलीच्या मागून एक कॅमेरा लावावा, कारण पहिल्या चित्रणात माणसे दिसत नाहीत. उघड्या चौकात प्रयोग ठेवणार असाल तर मे महिना टाळा. साडेसातपर्यंत भिंत नीट अंधारी होत नाही आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पावणेसातला काळोख होतो, म्हणजे दोन जोड्यांचे वादन, मधे चहा आणि शेवटी ज्याला हवे त्याला कॅमेरा हाती घेऊन पाहण्यासाठी अर्धा-पाऊण तास, एवढे सगळे नऊच्या आत आरामात बसते.